अशुद्धलेखन बरेच आहे

मी, खाली सही करणार, कामाच्या ठिकाणी ‘वेलांटी’ या टोपणनावाने ओळखला जाणारा, वय २३ वर्षे, धंदा नोकरी (ज्येष्ठ वाचकांच्या संकेतस्थळावर मजकूर लिहिणे व शुद्धलेखन तपासणे), शिक्षण अकरावी पास, बारावी सोडली, राहणार धुलाईखान्यामागील इमारत, वरचा मजला, मावशीकडे, आज रोजी पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून, विचारल्यावरून जबाब देतो की,

सुरुवातीला हा जबाब हवालदारसाहेब लिहून घेत होते. पहिल्याच ओळीत मी त्यांना दोनदा थांबवले. तेव्हा ते म्हणाले, “तूच लिही बाबा. मी तोवर चहा पितो.” म्हणून मजकूर माझ्या अक्षरात आहे.

आमचे कार्यालय चष्म्याच्या दुकानाच्या वर आहे. तेथे आम्ही तिघे काम करतो : मालक, चित्रे व मांडणी करणाऱ्या ताई, आणि मी. वाचकांकडून आम्ही काही घेत नाही. पानावर ज्या जाहिराती दिसतात त्यांवर सर्व चालते. मालकांचे म्हणणे असे की, तरुण वाचक पानावर येतो आणि पळतो, जाहिरात घेऊन त्याच्या मागे कुठवर धावणार. वयस्कर वाचक बसतो. त्यांचे शब्द असे होते : “जो बसतो त्याला दाखव. आणि तो उठणार नाही असं लिही.”

वाचक उठणार नाही असे लिहिण्याचे काम माझ्याकडे होते. सदराचे नाव ‘फेरफटका’. एका गावातून सावकाश चालत जायचे, एवढेच त्यात असे. रस्ता उताराला लागतो. पाव भाजल्याचा वास येतो. वरच्या मजल्यावर कोणीतरी बासरी शिकत असते आणि रोज एकाच जागी अडते. पुढे वळण लागते, वळणावर तळे, आणि तळ्याच्या काठाने चादरी वाळत असतात. काही घडत नाही. हे गाव कुठे आहे, असे वाचक विचारत. ते कुठेच नव्हते. बासरी शेजारच्यांची होती, पावाची भट्टी कार्यालयाजवळची. तळे आणि चादरी मात्र मला माझ्या खिडकीतून रोज दिसतात, कारण धुलाईखान्याचे वाळवण तळ्याच्या अलीकडच्या काठावर असते. मी फक्त या सगळ्यांमधली अंतरे काढून टाकली होती.

ताईंच्या संगणकाच्या पडद्यावर, त्या क्षणी पान उघडून बसलेला प्रत्येक वाचक ठिपक्यासारखा दिसतो. सकाळी ठिपके इकडून तिकडे पळत असतात. दुपारच्या जेवणानंतर ते संथ होतात आणि एकेक करून जागच्या जागी थांबतात. तेव्हा ताई हळू आवाजात म्हणत, “हे बघ, झोपले.” आम्हीही मग हळू बोलत असू. खिडकीचा पडदा फुगे आणि परत बसे. कुठकुठल्या खोल्यांतून माणसे डोळे मिटून पडली आहेत, छातीवर आमचे पान उघडे आहे, आणि त्यावरच्या जाहिराती आपोआप बदलत आहेत, असे चित्र माझ्या डोळ्यांसमोर येई. मालकांना ही वेळ फार आवडे. ते म्हणत, “झोपलेला वाचक म्हणजे आपलं कायमचं गिऱ्हाईक.” त्यावर ताई म्हणाल्या होत्या, “कायमचं नका म्हणू हो. वय बघा त्यांचं.”

उत्पन्न वाढावे म्हणून मालकांनी टप्प्याटप्प्याने काही बदल केले. अक्षर मोठे केले. लुकलुकणारे सर्व काढले, कारण वयस्कर माणूस लुकलुकणाऱ्या गोष्टीला घाबरतो आणि पान बंद करतो. जाहिराती कडेला होत्या, त्या परिच्छेदांच्या मध्ये घेतल्या. जाहिरातीवर ‘जाहिरात’ असे लिहिणे भाग होते. तो शब्द ताईंकडून चित्र म्हणून करून घेतला, फिकट रंगात. वाचकाने अक्षर कितीही मोठे केले तरी चित्र तेवढेच राहते. ताईंनी ते करताना तोंड वाकडे केले होते. मी ‘जाहिरात’ची वेलांटी तपासली होती. ती बरोबर होती.

छोट्या व्यावसायिकांच्या जाहिराती थेट आमच्याकडे येत आणि त्यांत चुका असत. गुडघ्यांच्या तेलाच्या जाहिरातीत ‘गूडघे’ असे होते. तळ्याच्या पलीकडे इमारत बांधणाऱ्या एका बांधकाम व्यावसायिकाची जाहिरात अशी आली होती : ‘तळ्याकाठी विष्रांती नीवास. तुमचि खोलि तयार आहे.’ त्या जशाच्या तशा लावाव्यात, पैसे त्यांचे, चुका त्यांच्या, असे मालकांनी सांगितले होते. मी तशाच लावत होतो. पण दुपारी त्या पानावर बदलू लागल्या की मला अंगावर मुंगी चढल्यासारखे होई.

अशात एका वाचकाचा अभिप्राय आला. खाली ‘एक निवृत्त शिक्षिका’ एवढेच होते. अभिप्राय असा : ‘फेरफटका रोज वाचते. आपले लेखन शुद्ध आहे. जाहिरातींतले अशुद्धलेखन बरेच आहे.’

मी ते वाचून शरमलो. जाहिरातींत चुका खूप आहेत, अशी ती तक्रार आहे असे मी धरले. मालकांना न विचारता मी सर्व जाहिराती दुरुस्त केल्या. ‘विश्रांतिनिवास’ हा शब्द जोडून, मधली वेलांटी ऱ्हस्व, हे मी शब्दकोशात पाहून घेतले.

त्यानंतर जाहिरातींवर बोट लावणारे वाचक खूप वाढले. मालकांना वाटले, मोठ्या अक्षराचा गुण. ते पेढे आणणार तेवढ्यात मी खरे सांगितले. ते म्हणाले, “वेलांटी, तू सोन्याची खाण आहेस. आता जाहिरात नुसती सुधारू नकोस. तूच लिही. फेरफटक्यातलंच एक वळण वाटलं पाहिजे.” त्यांनी शाबासकी दिल्यामुळे मी नाही म्हटले नाही. विश्रांतिनिवासाची जाहिरात मी लिहिली ती अशी : ‘तळ्याच्या पलीकडच्या काठाला एक घर आहे. तुमची खोली तयार आहे. खिडकी उघडी ठेवली आहे. या.’ ती मी वळण आणि चादरी यांच्या मध्ये ठेवली. तिच्यावर बोट लावले की जागेचा पत्ता उघडत असे. लिहून झाल्यावर मला स्वतःलाच तिकडे जावेसे वाटले होते.

आज दुपारी बाराच्या सुमारास तक्रारदार, ठाण्यात आई हरवल्याची नोंद करून, कार्यालयात आले. त्या, निवृत्त शिक्षिका, सकाळी पिशवी भरून घरातून निघून गेल्या होत्या. त्यांना सर्व जण ‘बाई’ म्हणतात. तक्रारदार लहानपणी त्यांच्याच वर्गात होते, तेव्हापासून तेही बाईच म्हणतात. बाईंचे वाचायचे यंत्र उशाशी होते, त्यावर आमचे पान उघडे होते. तक्रारदारांनी ते माझ्यासमोर धरले आणि विचारले, “हे घर कुठाय?”

मालक म्हणाले, “अहो, ती जाहिरात आहे.”

तक्रारदार म्हणाले, “बाई जाहिरातीला हात लावत नाहीत. मला त्यांनीच शिकवलंय. ऱ्हस्व-दीर्घ चुकलेलं असलं की समजायचं जाहिरात, तिकडे बोट न्यायचं नाही. त्या म्हणायच्या, चुका करतात ते बरंच आहे, निदान ओळखू येतं.”

तेव्हा मी तो अभिप्राय मनात पुन्हा वाचला. ‘बरेच’ म्हणजे पुष्कळ, असे मी वाचले होते. बाईंनी ‘बरे’ला ‘च’ लावला होता. अशुद्ध आहे ते बरेच आहे, असू द्यावे, असे त्यांनी लिहिले होते. एकही अक्षर इकडचे तिकडे नव्हते. ताईंनी माझ्यापुढे पाण्याचा पेला सरकवला.

बाई घरी कुठे झोपतात, असे ताईंनी विचारले. तक्रारदार म्हणाले, “स्वयंपाकघराबाहेरच्या बोळात सोय केलीये. पडदा लावलाय. दिवसभर माणसांत राहतात.” मग त्यांनी आपण होऊन सांगितले की, तो पडदा चांगल्या कापडाचा आहे.

मी व तक्रारदार बसने तळ्याच्या पलीकडच्या काठाला गेलो. तेथे घर नाही. तारेचे कुंपण, गवत, आणि घराचे चित्र असलेला मोठा फलक आहे. चित्रातल्या एका खिडकीची झडप उघडी होती. रखवालदार म्हणाला, “आल्या होत्या की. खोली दाखवा म्हणाल्या. मी म्हटलं, आजी, अजून पाया खणायचाय. तर म्हणतात, मग खिडकी उघडी ठेवली कोणी? मी म्हटलं, मी नाही बुवा.”

त्या कुठे गेल्या, असे विचारता त्याने काठाकडे हात केला. “पुढे गेल्या. मागे फिरा म्हटलं, तर म्हणाल्या, अजून चादरी यायच्यात.”

तक्रारदारांना याचा अर्थ लागला नाही. मला लागला. मी त्यांना घेऊन काठाने चालू लागलो. तळ्यावर ऊन पडले होते आणि पाणी हलत नव्हते. तक्रारदार सारखे पाण्याकडे बघत होते, म्हणून मी त्यांच्या आणि पाण्याच्या मधून चाललो. रस्ता माझा रोजचा होता, पण त्या वेळी तो मला मी लिहिला तसा दिसत होता. वळण आले. वळणानंतर चादरी आल्या.

धुलाईखान्याच्या वाळवणात चादरींच्या रांगा असतात. आत गेले की चारी बाजूंनी पांढऱ्या भिंती होतात. इस्त्रीवाले काका मला ओळखतात. त्यांनी तोंडावर बोट ठेवले आणि एका रांगेकडे खूण केली. तेथे एका चादरीच्या बाहेर चपला काढून ठेवलेल्या होत्या, जोडून, जशा दाराबाहेर ठेवतात. काकांनी आतमध्ये खुर्ची दिलेली होती, हे नंतर कळले.

तक्रारदार चादरीसमोर उभे राहिले. कुठल्या बाजूने आत जावे, ते त्यांना कळेना. ते म्हणाले, “बाई.” आतून उत्तर आले नाही. मग ते म्हणाले, “आई.”

“ये आत,” असे उत्तर आले. “चपला काढ.”

बाई खुर्चीवर बसल्या होत्या. पिशवी मांडीवर होती. वारा आला की समोरच्या दोन चादरी बाजूला होत, तेवढ्यातून तळे दिसे, आणि पुन्हा मिटे. तक्रारदारांनी विचारले, “घरी काय कमी होतं तुला?” बाईंनी विचारले, “पाणी आहे का रे?” पाणी माझ्याजवळ होते. ते पिऊन त्यांनी माझ्याकडे पाहिले.

“हा कोण?”

“फेरफटका लिहितो तो,” तक्रारदार म्हणाले.

“तूच का? शिक्षण?”

मी सांगितले, “बारावी राहिली.”

“राहिली की सोडलीस?”

“सोडली.”

“मग तसं सांगावं. आणि ती खोली तू लिहिलीस?”

मी हो म्हणालो. ती जाहिरात होती, हेही सांगितले. चादरी उघडल्या आणि मिटल्या. मग बाई म्हणाल्या, “छान लिहिली होतीस. म्हणून वाईट.” त्यानंतर त्यांनी मुलाच्या हाताला धरले आणि उठल्या.

मला विचारण्यात आले की, हा मजकूर वाचकांना फसवण्यासाठी लिहिला काय. त्यावर माझे सांगणे असे की, खोली तयार आहे की नाही हे मी पाहिले नव्हते, विचारलेही नव्हते. वेलांट्या तेवढ्या पाहिल्या होत्या. जाहिरात ताईंनी दुपारीच पानावरून काढली. आता ‘जाहिरात’ हा शब्दही त्यांनी चित्रातून काढून साध्या अक्षरात लिहिला आहे. वाचकाने अक्षर मोठे केले की तोही मोठा होतो. मालकांनी याबद्दल मला उद्या भेटायला सांगितले आहे.

हे लिहीत असताना बाई ठाण्याच्या बाहेरच्या बाकावर बसल्या आहेत. त्या हरवल्याची नोंद रद्द करावी, आपण हरवलो नव्हतो, गेलो होतो, असे त्यांनी हवालदारसाहेबांना सांगितले आहे. तक्रारदार दाराशी उभे राहून घरी फोनवर बोलत आहेत. माझ्या कानावर आले ते एवढेच : “कपाट हलवून घे. नाही, मुलांच्या खोलीतलं. खिडकीसमोरचं. हो, आजच.”

येथवरचा मजकूर हवालदारसाहेबांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. दार उघडे असल्याने तो बाहेरही ऐकू जात होता. अभिप्रायाच्या जागी त्यांनी माझ्यासारखेच, ‘बरेच’ म्हणजे पुष्कळ, असे वाचले. तेव्हा बाकावरून आवाज आला, “बरे. च.” हवालदारसाहेबांनी ती ओळ थांबून पुन्हा वाचली. तशी वाचल्यावर हा जबाब मी सांगितल्याप्रमाणे बरोबर आहे.