केळीच्या भावातला चांद

पीएचडी माझी असली, तरी तिच्यातली अवघड गाठ वाशीमच्या फळबाजारातल्या रेहानाचाचीनं सोडवली, हे मी कुठेही सांगतो.

विषय होता केळीच्या भावाचा अंदाज. दहा वर्षांचे आठवडावार भाव मी संगणकात भरले होते. प्रत्येक महिन्याचा नेहमीचा चढउतार सॉफ्टवेअर बरोबर वेगळा काढायचं, पण दरवर्षी कुठेतरी भाव एकदम उसळायचा आणि अंदाज चुकायचा. सर म्हणाले, "हे सुटलं नाही, तर विषय बदला." मला रडू यायचंच बाकी होतं.

भाव उसळायचा त्या आठवड्यांत माल कमी आला होता का, हे विचारायला मी लॅपटॉप घेऊन चाचीच्या गाळ्यावर गेलो. तिनं चष्मा लावला, आलेखातल्या एकेका उंचवट्यावर बोट ठेवत गेली आणि हसली.

"हे तं दरसाल दहा-अकरा दिवस अलीकडं सरकून राह्यलं. अरे, रमजान हाय हा! रोजा सोडाले केळं लागते. तुया कॉम्प्युटरले चांद दिसत नाही काय?"

खरंच, त्याला फक्त इंग्रजी महिने ठाऊक होते. घरी येऊन मी दरवर्षीच्या रमजानच्या तारखा भरल्या आणि अंदाज भावाला धरून चालू लागला.

सर खूश. म्हणाले, "त्यांना कॉलेजात व्याख्यानाला बोलवा."

मी निरोप दिला, तर चाची केळीची फणी उचलत म्हणाली, "मले कुठं येळ हाय? तुया सरले सांग, शिकाचं असंन तं सकाळी सहाले गाळ्यावर या म्हना."

आणि सर गेले. वही घेऊन!