हापशाचं विधेयक

विधेयक दोन सभागृहांतून कसं फिरतं ते तुम्ही पुस्तकात वाचलं असेल, मी आमच्या तांड्यावर बघितलंय. आमचा जिल्हा तेव्हा नवानवा झाला होता. तांडा पुसेगावजवळ, माझे काका तिथले नाईक, म्हणजे तांड्याचे प्रमुख. आमदारांबरोबर नागपूरचं अधिवेशन बघून आले ते नवीच टूम घेऊन.

"तिकडं विधानसभा मंजूर करती, मग परिषद बघती. पटलं न्हाई तर सुधारणा सांगून वापस पाठवती. आपल्यात बी तसंच करू. आमी पुरुष विधानसभा, बाया परिषद."

पहिलंच विधेयक, हापसा पारापाशी घ्यायचा. पुरुषांनी मंजूर केलं, बायांनी वापस पाठवलं. काकू म्हणाली, "पारावर तुमी दिवसभर पत्ते खेळून राहिले. तुमच्यासमोर पाणी कसं भरावं? खालच्या घरांकडं घ्या."

पुरुषांनी सुधारणा फेटाळून तेच पुन्हा मंजूर केलं.

काकूनं काकांना विचारलं, "आता परिषदेला काय करता येतं?"

"थोडे दिवस अडवता येतं. शेवटी चालतं विधानसभेचंच."

"मंग काहून अडवावं? मंजूर!"

हापसा पारापाशी बसला. दुसऱ्या दिवशी एकही बाई तिकडं फिरकली नाही. घरोघरी रांजण कोरडे. दुपारी बघतो तर पत्त्यांचा डाव मोडलेला आणि अख्खी विधानसभा घागरी घेऊन रांगेत! काका हापसत होते. मला बघून थांबले, घाम पुसला.

"नागपुरात एक इचारायचं राहूनच गेलं बघ," म्हणाले. "कायदा मंजूर झाल्यावर पाणी कोण भरतं?"