अस्सल काटा

—नाही हो, घड्याळ तेच आहे, मी कुठे नाही म्हणतेय? मागच्या झाकणावर ती बारीक खाच आहे ना, ती आमच्याच घरातली. तेच आहे. पण काटा कुठाय? सेकंदाचा, लाल. मार्चमध्ये आमच्या लोरीसनं तुम्हाला आणून विकलं तेव्हा होता — लोरीस, माझा मुलगा, दाढीवाला, आठवेल तुम्हाला. मला विचारलं नाही, बापाला तर नाहीच. म्हणाला, मम्मा, बाबांना आता वेळच कळत नाही, घड्याळ काय करायचंय त्यांना? वाईट नाही हो तो. बापाला आंघोळ घालायला बाई लावायची होती, ती त्या पैशांत लावली. कुणाला बोलू मी?

तुम्ही म्हणताय, तो काटा मूळचा नव्हताच. नव्हताच! मला सांगताय? मूळचा मुराल्योनेच्या घाटात तुटला. नेरियो, माझा नवरा, सायकल शर्यतींत वेळ टिपायचा, मोटरसायकलवर मागे बसून — गारा पडत होत्या, घसरले दोघं. दुसऱ्या दिवशी त्यानं स्वयंपाकघरात बसून कुठल्याशा स्वस्तातल्या घड्याळाचा काटा चढवला, तो पडला तोकडा, दिसेना, म्हणून मी माझं नेलपॉलिश लावलं. टोकाला थेंब जाडच राहिला. त्याच काट्यावर त्यानं पुढच्या सगळ्या शर्यती टिपल्या. पण गिऱ्हाईक असला काटा बघून पाठ फिरवणार — कळतं मला. आधी काटे बघायचे, मग बटणं, मग तबकडीवरचे अंधारात चमकणारे ठिपके. नेरियो रविवारच्या जुन्या बाजारात हिंडायचा, मी भाजीची पिशवी घेऊन मागे. ‘ओर्नेल्ला, ठिपके पिवळे पडलेत नि काटे पांढरेफेक — म्हणजे कुणीतरी हात घातलाय.’ घ्यायचा काहीच नाही, नुसता बघायचा. तर तुम्ही धंद्याच्या हिशेबानं बरोबरच केलंत. कुठून कुठून त्याच सालचा काटा शोधलात, ओरखडे घासून काढलेत, चौपट किंमत लावलीत. मी देते ना. माझ्या बहिणीनं हात दिलाय, घासाघीस करत नाही मी. फक्त तो लाल काटा परत बसवून द्या. — टाकला? अहो, तुम्हा लोकांकडे डबी असते की सुट्या भागांची, बघा तरी एकदा. — नाही? — बरं. बरं.

कसं सांगू तुम्हाला? तो शोधतो हो दिवसभर. पावाच्या डब्यात, माझ्या ॲप्रनच्या खिशात. फाटकाशी जाऊन उभा राहतो, म्हणतो — शर्यतीची पोरं घाटमाथ्यावर आली, माझं घड्याळ द्या. मी लोरीसचं देऊन पाहिलं, बाजारातून एक आणून पाहिलं. हातात घेतो, बघतो, अगदी अदबीनं परत करतो, ‘हे माझं नाही.’ आणि मग रडतो. पूर्वी नुसतं हातात दिलं की झालं — बटण दाबायचा, काटा फिरताना बघायचा, थांबवायचा, परत दाबायचा. तेवढ्यात माझा स्वयंपाक उरकायचा. आता मला बाथरूमलासुद्धा... जाऊ दे.

आणलंय त्याला. तो काय, बाहेर कमानीखाली बसलाय, टोपीवाला. एकदा हातात देऊ त्याच्या? कुणी सांगावं, वजनावरून ओळखेल. आतलं यंत्र तर तेच आहे ना? — नेरियो! ये, आत ये. भिऊ नकोस, डॉक्टर नाहीत हे. हे धर. बघ बरं जरा.

चष्मा नको म्हणतोय. बघा, बघा कसं धरलंय, बोटं कशी बरोबर बसली — थांबा, बोलू नका काही. — काय रे? काटा नवा आहे? हो. — कडा घासल्यात, धार गेलीय. हो, गेलीय. ऐकलंत ना? नजर अजून तशीच आहे. — मला म्हणतोय, घेऊ नका बाई, फार सांगताहेत. — बाई काय रे, मी ओर्नेल्ला... असू दे. बोल तू. — बटण? बटण एका बाजूनं झिजलंय. म्हणजे काय? — म्हणजे ज्याचं होतं तो डावखुरा होता. हो. — शर्यतींतला असणार, फार दाबलंय म्हणतो. हो नेरियो, शर्यतींतलाच होता. — काय म्हणालास? पुन्हा सांग.

गेला असेल बिचारा, म्हणतोय. जिवंत माणूस असं घड्याळ विकत नाही.

...नको. ठेवून द्या कपाटात. नको, खरंच नको, तुमचा काही दोष नाही. चल नेरियो. — दार तेवढं धरता का?