माहेरच्या द्राक्षांना पाणी

मंडळी, टाळ जरा मांडीवर ठेवा आणि मला एक सांगा. माया धुतली तर निघून जाते का? एवढ्यात माना हलवू नका, पुढे अडचणीत याल.

ऐका तर. द्रौपदाबाई म्हणून एक बाई. कडक सोवळ्याची. चुलीत घालायची लाकडंसुद्धा धुऊन वाळवून घ्यायची. नळाला कुणाचा हात लागला, की आधी नळ धुवायचा, मग त्याखाली आपला हात. हसताय? घरात एक आहे, म्हणून हसताय.

अशी ही बाई एकाच गोष्टीला पाणी लावू देत नसे – माहेरच्या द्राक्षांना. धाकटा भाऊ बाळासो, त्याची बाग. दर हंगामाला पेटी यायची. ती उघडायची, गल्लीला दाखवायची, आणि तशीच तोंडात. का? तर म्हणे, माहेरच्या वस्तूला पाणी लागलं की भावाची माया धुऊन जाते. कुठल्या पोथीत आहे हे? मी शोधलं. नाही.

यंदाची दुसरी पेटी आली आणि सून वैजयंता आडवी आली. तिची तनू, नुकती बोलायला लागलेली. मागच्या पेटीची द्राक्षं खाऊन पोरगी उलट्यांनी पार मलूल झाली होती.

"आत्या, तनूला देणार असाल तर धुऊन द्या. औषध मारलेलं असतं यावर."

"माझ्या भावानं धाडलंय. दवाखान्यातनं नाही आणलं."

"किती हातांतनं आलंय ते तरी बघा. तोडणारे, भरणारे, टेम्पोवाला..."

"म्हणजे माझं माहेर घाण?"

पुरुषहो, तुम्ही खूश होऊ नका. भाजीची पिशवी ओट्यावर आदळून पेपर उघडणारे तुम्हीच.

द्रौपदाबाईंनी जाहीर केलं, "नात द्राक्षं आली तशीच खाईल, नाहीतर मी अन्नाला शिवणार नाही." आणि पाटावर बसल्या. पोरगी घडाकडे झेपावतेय, आई तिला मागे ओढतेय. पोरीचं ते सुकलेलं तोंड द्रौपदाबाईंनाही आठवत होतं. पण शब्द गेला होता, आता तो गिळायचा कसा?

तेवढ्यात दारात बाळासो. बाजार समितीत काम होतं, वाटेत बहिणीकडे वळला. बाई फुलल्या. ताट घेतलं, सगळ्यात मोठा घड ठेवला, आणि सुनेकडे बघत भावापुढे सरकवलं. "खा. तुझ्याच बागेतली."

बाळासो ताट घेऊन उठला आणि सरळ मोरीत गेला. नळ सोडला. घड धारेखाली धरून एकेक मणी चोळायला लागला.

"काय करतोस रे?"

"धुतोय, आक्का. फवारून फार दिवस नाही झाले."

"आपल्याच बागेतलं धुतोस?"

"दुसऱ्यानं काय मारलंय ते मला ठाऊक नसतं. आपलं ठाऊक आहे."

सुनेनं भिंतीकडे तोंड फिरवलं. खांदे मात्र हलत होते.

बाईंचा आवाज खाली आला. "घरच्या पोरांना कुठली देतोस?"

"बांधावरच्या वेलीची. तिला फवारत नाही आम्ही."

"मग मला ती का नाही धाडलीस?"

बाळासो घुटमळला. "मणी बारके असतात गं तिचे, डागाळलेले. गल्लीला काय दाखवली असतीस? सासरी मान खाली गेली असती तुझी."

आता बोला. बहिणीच्या इज्जतीसाठी भाऊ चकचकीत धाडतो, भावाच्या इज्जतीसाठी बहीण न धुता खाते, आणि उलट्या कुणाला? जिला इज्जत हा शब्दसुद्धा उच्चारता येत नाही, तिला.

द्रौपदाबाई उठल्या. भावाच्या हातातला घड घेतला. "सर तिकडं. देठाजवळ तसंच राहिलंय." पुन्हा धुतला, मणी चिरले, तनूला भरवले. मग भावाला म्हणाल्या, "पुढच्या खेपेला डागाळलेली धाड. गल्लीचं मी बघते." आणि सुनेला म्हणाल्या, "पान वाढ, भूक लागलीय."

खोटं सांगणार नाही, आत मुरलेलं औषध पाण्यानं जात नाही. पण वरचं बरंचसं जातं, माती जाते, दहा हातांची घाण जाते. साबण नको. वाहतं पाणी आणि चोळणारा हात पुरे. तेवढं सोडून तुम्ही तुळशीच्या पानानं चार थेंब शिंपडता आणि म्हणता, झालं शुद्ध.

ही समोर फळांची परात. येताना पाहिली मी. देवाला पंचामृतानं न्हाऊ घातलंत, आणि त्याच्यापुढे चिखल लागलेले पेरू? हेच प्रसाद म्हणून रांगेत बसलेल्या लेकरांच्या तोंडात जाणार ना? मग आरती आत्ता होणार नाही. देव थांबेल, त्याला घाई नाही. पुढच्या ओळीतल्या मोठ्या माणसांनो, उठा. परात उचला. नळ मंडपामागे आहे.