किल्लीसुद्धा फिरवलेली नाही

नाही, पण तुम्ही मला एकदा नीट बघा, पुढून बघा, बाजूनं बघा, आणि खरं सांगा, मी धोकादायक दिसतो का? पन्नाशीला आलोय, चष्मा आहे, केस आहेत तेवढे आहेत, रिकामा रस्ता ओलांडतानासुद्धा दोन्हीकडे दोनदा बघतो, जिना उतरताना कठडा धरतो, जन्मात कुणाच्या अंगावर साधी सायकल घातलेली नाही... आणि गेल्या वर्षी विमा कंपनी म्हणाली, हा माणूस म्हणजे धोका! 'उच्च जोखीम गट'! असं छापून आलं हो, माझ्या नावासमोर, आणि त्याच्याखाली वर्षाचा हप्ता. तो आकडा मी आधी त्यांचा फोन नंबर समजलो. का एवढा, तर म्हणे मी शिकाऊ चालक. शिकाऊ आहे, कबूल, नाही कोण म्हणतंय? पण तुम्हाला सांगतो, मी अजून गाडीची किल्लीसुद्धा फिरवलेली नाही!

आता तुम्ही विचाराल, पन्नाशीचा माणूस शिकाऊ कसा? विचारा, सगळेच विचारतात. त्यातून मी काम करतो कुठं, तर गॅरेजमध्ये. बावीस वर्षं. पत्र्याचं काम. ठेचलेल्या गाड्या येतात, दार आत गेलेलं, बोनेटची घडी झालेली, आणि मी हातोडीनं तो पत्रा असा सरळ करतो की गाडीलासुद्धा आठवू नये आपल्याला काय झालं होतं. पण चालवणं? अहो, माझ्याकडे गाडी येते तेव्हा ती चालत नसते, आणि चालायला लागली की ती माझ्याकडे राहत नाही! दोरी बांधून आत येते, मालक चालवत बाहेर नेतो, मी आपला मधल्यामध्ये. न्हाव्याचे केस वाढलेले असतात, शिंप्याचं बटण तुटलेलं असतं, तसा गॅरेजवाला बसनं घरी जातो. चाललं होतं, माझी काही तक्रार नव्हती.

पण ती आकाशी रंगाची आली ना... छोटीशी, चार दारांची, दिव्याच्या खांबाला समोरून भेटून आलेली. मूळ मालकानं बघितली, हात जोडले आणि गेला, तो पुन्हा फिरकलाच नाही. पडून राहिली अंगणात भिंतीला टेकून. आमचा मालक म्हणाला, भंगारात जाईल. आणि मला काय झालं कुणास ठाऊक, मी म्हटलं, मला द्या. मग दोन वर्षं! जेवणाची सुट्टी अर्ध्या तासाची, दहा मिनिटं जेवण, वीस मिनिटं ती गाडी. बोनेट मी उठवलं, डावं मडगार्ड मी उठवलं, रंग तीनदा दिला कारण दोनदा मला आवडला नाही. आणि सगळं झाल्यावर मालक काय म्हणतो? "घेऊन जा, तुझीच आहे, पण कागद आणि विमा करून. अंगण मोकळं करायचंय, एक तारखेला भंगारवाला येतोय. विमा नसेल तर गाडी फाटकाबाहेर जाईल ती त्याच्याच ट्रकमधून." हातात किती दिवस? अठरा!

त्यात मी घरी बोलून बसलेलो. आमची ही हॉस्पिटलच्या कपडे धुण्याच्या विभागात कामाला आहे, आठ तास उभी, आणि येताना दोन बसगाड्या, त्यातही उभीच. मी म्हटलं, पुढच्या महिन्यापासून तुला आणायला मी येणार, गाडी घेऊन. आणि नुसतं म्हटलं नाही, मोठ्यानं म्हटलं, जिन्यात उभं राहून, शेजारच्यांना ऐकू जाईल असं. आता मागे फिरता येतंय का?

म्हणून विम्याला अर्ज केला, तर तो छापील आकडा आला, मग फोन लावला. पलीकडे एक मुलगी, आवाज असा की साखरेत घोळलेला. "सर, आपला फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे." बरं बाई. वय सांगितलं, पत्ता सांगितला, गाडी कुठं उभी राहणार ते सांगितलं. मग म्हणते, "सर, गेल्या पाच वर्षांत आपला कुठल्याही अपघाताशी संबंध आला आहे का?" आता मला खोटं बोलता येत नाही, हा माझा दोष. मी म्हटलं, "हो, आला की. दिवसाला दोन."

मग हळूच, "सर... दिवसाला?" म्हटलं, "रस्ते ओले असले की तीन. रविवारी सुट्टी असते." मला पलीकडून बटणं दाबल्याचा आवाज येतोय, टकटक टकटक. "आणि सर, त्यात आपली चूक किती वेळा होती?" मी विचार केला, प्रामाणिकपणे सांगावं. म्हटलं, "माझी? कधीतरी रंग जुळत नाही, तेवढंच."

तुम्हाला सांगतो, तिनं जे मला साहेबांकडे जोडून दिलं, ते पंचवीस मिनिटं नुसती पिपाणी वाजत होती, आणि साहेब आले ते आकडा घेऊनच आले. त्या छापील आकड्याच्या दुप्पट! मी म्हटलं, अहो, मी अपघात करत नाही, मी अपघात झाल्यावर येतो! तर म्हणे, नोंद झाली. झाली तर पुसा की! नोंद पुसता येत नाही म्हणे. बरं, दुसऱ्या कंपनीला लावला फोन, नाव सांगितलं मात्र, तो माणूस म्हणतो, "हां, ते दिवसाला दोनवाले का?" सगळीकडे माझी कीर्ती पोचली! तिसऱ्यानं तर विचारलं, तुम्ही अजून बाहेर कसे? आणि मी, ज्यानं अजून किल्लीसुद्धा फिरवलेली नाही, मी त्याला माफ करा म्हणून फोन ठेवला. माफी मी मागितली!

मग मालक म्हणाला, फोन सोड, कॉम्प्युटरवर भर. त्याच्या ऑफिसात बसलो, पुढ्यात फॉर्म. व्यवसाय निवडा. यादीत जगातले सगळे धंदे, जादूगारसुद्धा आहे, पत्र्याचं काम करणारा नाही! जवळचं म्हणून 'वाहन व्यवसाय' दाबलं, आकडा वर. मालकाला चेव आला, तो खुर्ची ओढून बसला. विणकर टाक... थोडा खाली. माळी टाक... अजून खाली. ग्रंथपाल टाकलं, आणि आकडा धाडकन एक तृतीयांश उतरला! का, ग्रंथपाल काय गाडी कुजबुजत चालवतात? मी घरी येऊन हिला म्हटलं, मी उद्यापासून ग्रंथपाल. ती भाजी चिरत होती, मान वर न करता म्हणाली, "उद्या कुणी एखाद्या पुस्तकाचं नाव विचारलं तर काय सांगाल?" संपलं. झालो पुन्हा पत्रेवाला.

शेवटी पहिल्याच कंपनीनं कळवलं, गाडी अपघातातून उठवलेली आहे, तेव्हा आमचा तपासनीस येऊन बघेल. आणि कोण यावा? टॉर्च! आम्ही त्याला टॉर्चच म्हणतो, कारण भर दुपारी उन्हातसुद्धा तो टॉर्च लावून बघतो. वीस वर्षं भांडतोय तो माझ्याशी. "मिस्त्री, दार सरळ होईल, नवं कशाला?" म्हणजे कंपनीचे पैसे वाचवायला. आणि मी म्हणणार, नाही होत. आता तोच माझ्या गाडीखाली, पुठ्ठा अंथरून, पाय तेवढे बाहेर. बोनेटच्या कडेनं बोट फिरवलं, मडगार्डवर गाल टेकवून एक डोळा मिटून बघितलं. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली, माझ्या पाठीला घाम. मग उठला, गुडघे झटकले, आणि मला बाजूला घेऊन म्हणाला, "मिस्त्री, ठेचली कुठून होती?"

त्याला दिसलंच नाही हो! टॉर्च लावून दिसलं नाही! माझा ऊर भरून आला, तुमच्यापासून काय लपवायचं. बावीस वर्षांत मला कुणी चांगलं म्हटलेलं नाही, आणि हा तर चांगलंही म्हणाला नव्हता, नुसतं विचारलं होतं. आणि त्यानं कागदावर लिहिलं, 'स्थिती अत्युत्तम'. मग कंपनीनं काय करावं? स्थिती अत्युत्तम, म्हणून गाडीची किंमत वाढली, किंमत वाढली म्हणून हप्ता वाढला! म्हणजे मी काम वाईट केलं असतं तर स्वस्तात सुटलो असतो! सांगा, या न्यायाला काय म्हणायचं?

तीन दिवस राहिले. टॉर्चलाच दया आली. म्हणाला, "मिस्त्री, एकट्या शिकाऊ माणसाच्या नावावर हे कधीच खाली यायचं नाही. घरात पक्क्या लायसन्सवालं कुणी आहे का? पॉलिसी त्यांच्या नावावर करा, तुमचं नाव खाली जोडा." मी हसलो. म्हटलं, आमच्या घरात पक्कं लायसन्स एकदाच होतं, रेडिओचं, तेही वडिलांच्या काळात. घरी आलो, कपाळाला हात लावून बसलो, हिला सगळं सांगितलं, आणि म्हटलं, गेली गाडी, घरात एकाचंही पक्कं लायसन्स नाही.

ती चादरीची घडी घालत होती. घडी पूर्ण केली. "माझं आहे की," म्हणाली.

माझं आहे की! जसं काही मी सुई-दोरा विचारला होता! कपाटातून तो डबा काढला, मिक्सरची गॅरंटी ठेवतात ना, तो, आणि तळातून लायसन्स. दोन वेण्यांमधला फोटो घातलेलं पहिलं, त्याच्यावर दुसरं, त्याच्यावर तिसरं, प्रत्येक मुदतीला वाढवून घेतलेलं! तिचे वडील बेकरीची गाडी चालवायचे, त्यांनी एकोणिसाव्या वर्षी शिकवलं होतं म्हणे. चोवीस वर्षं संसार केला मी या बाईबरोबर! म्हटलं, "अगं, कधी बोलली नाहीस?" तर म्हणते, "तुम्ही कधी विचारलंत? आणि गाडी कुठं होती? लायसन्स काय धुऊन वाळत घालायचं होतं?"

दुसऱ्या दिवशी फोन. तीच साखरेतली मुलगी. "मॅडम, चोवीस वर्षांत एकही अपघात नाही? वा, मॅडम!" हप्ता एक चतुर्थांश! अहो, नसणारच ना अपघात, चोवीस वर्षांत ती स्टिअरिंगला शिवलेली नाही! बघा, तुम्हीच बघा: तिनं चोवीस वर्षं गाडी चालवली नाही, मी पन्नास वर्षं गाडी चालवली नाही. हिशोबानं मी दुप्पट सुरक्षित! पण नाही. ती न चालवून अनुभवी, मी न चालवून धोका. मी म्हटलं, हे ओरडून कुणाला तरी सांगितलं पाहिजे, तर ही फोनवर हात ठेवून म्हणते, "अहो, गप्प बसा, ती अजून कमी करतेय."

तीस तारखेला दुपारी गाडी निघाली. ती चालवायला, मी शेजारी. बावीस वर्षांत पहिल्यांदा मी त्या अंगणातून बसून बाहेर चाललो होतो, इंजिन मांजरासारखं घुरघुरत होतं, माझे डोळे भरून आले... आणि कर्रर्र! फाटकाचा खांब. डावं मडगार्ड! तेच, वीस-वीस मिनिटांचं! आणि ही मान वळवून म्हणते, "हा खांब इथं कधीपासून आहे?" मी म्हटलं, माझ्या आधीपासून.

आता कंपनीला कळवायचं? छे! कळवलं की नोंद, नोंद झाली की पुसता येत नाही, आणि हप्ता पुन्हा आभाळाला. सोमवारी जेवणाच्या सुट्टीत मडगार्ड सरळ केलं. पुढच्या आठवड्यात मागचं दार. मग पुन्हा मडगार्ड. ती रोज गाडीनं कामाला जाते, बसून जाते, बसून येते, चेहरा बघा तिचा, दहा वर्षांनी लहान झालीय. येताना मलाच गॅरेजवरून उचलते. शेजारचे जिन्यात उभे राहून बघतात, कोण कुणाला आणायला जाणार होतं ते. आणि मी म्हटलं, अगं, मला शिकव की, माझं शिकाऊ लायसन्स पुन्हा काढून झालं, तर म्हणते, "आधी माझा हात बसू दे."

परवा वर्ष झालं. फोन आला, तीच मुलगी. "अभिनंदन, सर! वर्षभरात मॅडमच्या नावावर एकही अपघात नाही, आपल्याही नावावर नाही. आपण उच्च जोखीम गटातून बाहेर आलात. पुढच्या हप्त्यात सूट." माझ्या एका हातात फोन, दुसऱ्या हातात हातोडी, पुढ्यात डावं मडगार्ड, सतराव्यांदा. मी म्हटलं, "बाई, खरं सांगू का? मी अजून किल्लीसुद्धा फिरवलेली नाही."

"फारच छान, सर," म्हणाली. "असंच चालू ठेवा."

काय करणार? ठेवलंय.