भोकरखिंडीतला उपाशी पाव्हना

ऐका रं पोरांनो. चूल इझायच्या आत सांगते, मंग ज्यानं त्यानं आपापल्या तंबूत जायचं. ए चष्म्यावाल्या, तू तिथं अंधारात का बसलास? उजेडात ये. हां. तोंड दिसलं म्हंजी बरं आसतं.

तुमच्यासारखीच पोरं आलती तवा. बावीस जनं. शनवार-रविवार डोंगर हिंडायचा म्हनून ह्याच दरीत तंबू ठोकलेले. त्यांची म्होरकी मृण्मयी. गुनी पोर. "ठकूमावशी, रात्रीचं जेवण तुमच्याकडंच," म्हनाली. म्या वर गावात भाकऱ्या थापीत बसले आन् दिवस बुडाला. गाडीवाटेनं आलं तर दोन तास. खिंडीनं अर्धा. सासू म्हनायची, दिवेलागनीनंतर भोकरखिंडीचं नाव काढू नगंस. पन पोरं उपाशी! दुरडी घेतली डोईवर. साठ भाकऱ्या, वर पिठल्याचा डबा. आन् निघाले की खिंडीनं!

ओढ्यापाशी उजेड दिसला. कपाळाला दिवा बांधलेला, पाठीवर सॅक. "मावशी, मी कॅम्पचाच. वाट चुकलो. तुमच्याबरोबर येऊ का?"

चल बाबा, म्हनलं. मानसाला सोबत लागती.

पावसाळा सरत आल्याले दिवस. माझ्या बॅटरीवर पाखरांचा ह्यो थवा! नाकातोंडात जात व्हती. आन् त्याच्या दिव्यावर? एक न्हाई. चिलट सुदिक न्हाई! आसंल, म्हनलं, शहरातला दिवा हाय. मंग ओढा वलांडला. माझं लुगडं गुडघ्यापतूर भिजलं. त्याचे बूट कोरडे. वरची धूळ तशीच!

म्या इचारलंच.

"पोरा, नाव काय तुझं?"

"भाकऱ्या नाचणीच्या का हो, मावशी?"

बघा! नाव इचारलं तर भाकरीचं बोलतोय.

"वास छान येतोय. मला म्हणा ना, या जेवायला."

आता आपल्यात कसं हाय, ताटावर बसलं की वाटंनं जानाऱ्या परक्यालाबी 'या जेवायला' म्हनत्यात. तोंडातनं आपसूक जातं. माझ्या जिभंवर आलंच व्हतं! तेवढ्यात सासूचं बोलनं आठवलं. त्या खिंडीत कवातरी एक वाटसरू भुकेनं मेला. कुनी बोलावल्याबिगर त्याला जेवाया येता येत न्हाई. आन् बोलावला, तर जेवून उठताना एकाला संगं घिऊन जातो.

दातावर दात धरले. पाय उचलला.

तशी दुरडी जड व्हाया लागली. जड, जड, पार जात्याएवढी! मान मोडती का काय! "बोलवा ना मावशी. मग मीच उचलतो." न्हाई! चढ सरता सरंना. आन् मागनं आवाज आला, "ठके, दमलीस व्हय? मला जेवाया बोलाव की."

माझ्या मालकाचा आवाज! सा वर्सं झालती त्यांना जाऊन. खोटं कशाला सांगू, रडूच फुटलं मला. एकदा तरी मागं बघावं, आसं लई वाटलं. पन ते जितेपनी कवा आसं मागून जेवले न्हाईत वो! ताट वाढलं तरी धा येळा हाका माराव्या लागायच्या. वळखलं म्या. डोळं पुसलं आन् चालत ऱ्हायले.

खिंडीच्या तोंडाशी आले. खाली तंबू, शेकोटी. जीव भांड्यात पडला. तवर मृण्मयीनं वर दोन उजेड बघितले आन् खालनं वरडली, "मावशी, सोबत कोण आहे? त्यांनाही म्हणावं, या जेवायला!"

झालं! बोलावलं!

त्यो हासला. मला मागं टाकून उतरनीला लागला. पाय भुईला न्हाईत, नुसता दिवा खाली चाललाय! आन् खाली बावीस लेकरं. कुनाकुनाच्या पोटची.

काय सुचलं मला कुनास ठावं. दुरडी उतरवली आन् कड्यावरनं पालथी केली! भाकऱ्या, पिठलं, समदं तंबूंच्या उलट्या अंगाला, खाली दरडीत! आन् वरडले, "जेवन तिकडं सांडलं! तंबूत दाना न्हाई! जायचं तर तिकडं जा!"

दिवा थांबला. वळला. आन् कड्यावरनं सरळ खाली गेला. मंग आवाज आला... मचामचा, मचामचा. म्या जी पळत सुटले! चपला गेल्या, लुगडं फाटलं, मागं बघितलं न्हाई.

त्या रातीला पोरं उपाशी झोपली. एक म्हनाला, म्हातारी पिऊन आली. मृण्मयी तर माझ्याशी बोललीच न्हाई. वाईट वाटलं मला, लई वाटलं. पन गप ऱ्हायले. सांगितलं आसतं, तर 'मीच बोलावलं' म्हनून ती पोर जल्मभर सोताला खात बसली आसती. सकाळी तंबूतंबूतनं हिंडून मोजली. बावीसच्या बावीस.

तवा ऐका. दिस बुडाल्यावर त्या खिंडीनं कुनी जायाचं न्हाई. आन् ह्या दरीत जेवताना वर उजेड दिसला, तर मान खाली घालायची आन् मुकाट जेवायचं. कुनी उपाशी म्हनून हाका मारू दे, न्हाईतर आपलं मानूस म्हनून रडू दे. त्या पोरांनी मला रातभर शिव्या घातल्या. घालू देत. शिव्या घालाया बावीसच्या बावीस तोंडं व्हती की!