बँकॉकच्या फोटोवरची अळी

बँकॉक कसं हाय, ते मले इचारू नका बुवा. त्या सहलीतलं मले आमच्या दुकानाचं काउंटरच आठवते.

दारव्ह्यात माहं बी-बियाणं अन् औषधाचं दुकान. त्या साली बोंडअळीचं औषध लय खपलं, म्हणून कंपनीनं आम्हा नवराबायकोले सात दिवसांची बँकॉकची सहल देल्ली. निघाच्या आधी एका सांजेले, दिवसभर गिऱ्हाइकांची बोलणी खाऊन मी पार थकलेलो, अन् बायको काउंटरवर सहलीचा रंगीत कागद पसरून बसलेली.

"पयले दोन दिवस बुद्धविहार पाहू," ते म्हणे. "मंग नदीतला बाजार."

"तुले जे पाह्यचं ते पाह्य," म्या म्हटलं. "मी सातही दिवस झोपतो."

तेवढ्यात आमचे जुने गिऱ्हाईक, गणपतकाका आले. थैलीतून कपाशीचं हिरवं बोंड काढलं अन् त्याच कागदावर फोडलं. आतून गुलाबी अळी निघाली.

"दोनदा फवारलं, बापा. तरी हे पाह्य."

अळी विहाराच्या फोटोवरून निघाली अन् नदीकडं चालू लागली. काका तिच्याकडं पाहता पाहता फोटोच पाहू लागले.

"हे कुठलं गाव?"

"बँकॉक," बायको बोलून गेली. "औषध खपलं न, म्हणून कंपनी आम्हाले नेऊन राह्यली."

अळी चिरडाले म्या अंगठा उचलला. काकानं माहा हात धरला.

"राहू दे, मारू नको. तिच्याच भरवशावर तं चालला तू."